डिस्नीचं स्वस्तातलं हॉटेल: थीमचे पैसे मोजायचे की नुसती झोपायची सोय बघायची?

कांदेनवमी

मंडळी, मदत हवीये आणि जमलं तर घरातलं एक भांडणही मिटवून द्या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ऑर्लँडोला जायचं ठरतंय, डिस्नीचे चार दिवस. आम्ही दोघं, लेक ६ वर्षांची आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे, म्हणजे पाच डोकी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, इथल्या शाळा सप्टेंबरात उघडतात म्हणून तेव्हाचं ठरवलंय. तिकिटांचा अभ्यास झाला, पार्कांचा झाला, हॉटेलवर मात्र गाडी अडलीये ती महिनाभर अडलीच आहे.

नवऱ्याचं म्हणणं, रात्री नुसतं पाठ टेकायला जायचंय, डिस्नीच्या हॉटेलात कशाला, बाहेर कुठेही स्वस्तात बघू. माझं म्हणणं, एवढं आयुष्यात एकदा आईबाबांना घेऊन चाललोय तर गेटाबाहेर पडल्यावरही जरा ते वातावरण राहायला पाहिजे, महागाची हॉटेलं परवडायची नाहीत हे मान्य पण त्यांची जी व्हॅल्यू म्हणून हॉटेलं आहेत ती बघायला काय हरकत आहे. आमच्या तारखांना ऑल-स्टारची खोली १४० डॉलरच्या पुढे दाखवतंय, पॉप सेंच्युरी २०० च्या आसपास, आणि आर्ट ऑफ ॲनिमेशनचा फॅमिली स्वीट ४५० च्या वर, वरून साडेबारा-साडेतेरा टक्के टॅक्स वेगळा. फोटो बघितले तर बिल्डिंगवर ही एवढाली गिटार नि ट्रम्पेट चिकटवलेली, आणि खोली आतून मात्र पांढरीफटक. मग मलाच शंका यायला लागली की हे थीम थीम म्हणतात ते नक्की असतं कुठं?

सासऱ्यांचे गुडघे दुखतात, दुपारी तासभर पडायची सवय आहे, आणि ते आहेत रिटायर्ड पीडब्ल्यूडी, त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरले की आधी स्लॅब बघतात. जाऊन आलेल्यांनी खरं खरं सांगा प्लीज.

टर्नपाइककर

ताई, तीनदा जाऊन आलोय, तिन्ही वेळा व्हॅल्यूतच, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे :)

पहिली गोष्ट तारखा एकदम बरोबर निवडल्यात. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या मध्याआधीच सुरू होतात त्यामुळे शेवटच्या आठवड्यात भावही उतरतात नि गर्दीही. ऊन आणि दुपारची वीज-पाऊस ह्याची मात्र तयारी ठेवा, तो रोजचा असतो.

दुसरी गोष्ट, साध्या खोलीत चारच जण चालतात, तीन वर्षांखालचं बाळ असेल तर तेवढं पाचवं धरत नाहीत. तुमची लेक ६ ची, म्हणजे एका खोलीत पाच जणांचं बुकिंग होणारच नाही. तेव्हा पर्याय राहतात दोन, एक तर दोन खोल्या नाहीतर फॅमिली स्वीट. आणि गंमत बघा, तुमच्याच आकड्यांत पॉपच्या दोन खोल्या एका ॲनिमेशनच्या स्वीटपेक्षा स्वस्त पडतायत. हे बऱ्याचदा असंच असतं, लोक स्वीट म्हटलं की हिशोब करायचं विसरतात.

माझं मत पॉप सेंच्युरी, दोन खोल्या. कारण थीम वगैरे नाही, कारण स्कायलायनर. २०१९ च्या सप्टेंबरात सुरू झालेला तो रोपवे पॉप आणि ॲनिमेशनच्या मधल्या तळ्यावरून निघतो, कॅरिबियन बीच हॉटेलच्या स्टेशनला डबा बदलायचा की एपकॉट नाहीतर हॉलिवूड स्टुडिओज पार्क. सासरेबुवांना बसची पायरी चढायला नको, आणि ज्यांना चालत्या डब्यात बसायला जमत नाही त्यांच्यासाठी बाजूला डबा पूर्ण थांबवतात. फक्त वीज चमकायला लागली की बंद करतात, तेव्हा बस. ऑल-स्टारला नुसती बसच, आणि गर्दी कमी असते तेव्हा तिन्ही ऑल-स्टार मिळून एक बस फिरते, म्हणजे परळ, लालबाग, करी रोड करत घरी.

बाकी फायदे: रोज कुठल्याही पार्कात अर्धा तास आधी एन्ट्री, आणि पार्कातलं पार्किंग फुकट, जे बाहेरून येणाऱ्याला दिवसाला ३० डॉलरच्या आसपास पडतं. चार दिवसांचा हिशोब नवऱ्याला करू दे. विमानतळावरून आणायची फुकट बस मात्र २०२२ पासून बंद झाली, तेव्हा जुने ब्लॉग वाचून त्या भरवशावर राहू नका.

टँपाचा_पेन्शनर

मी तिथून तासाभराच्या अंतरावर राहतो, पाहुणे आले की ऑर्लँडो ही आमची आषाढी वारी, त्यामुळे ह्या विषयावर पोटात बरंच साठलंय.

सूनबाई, स्पष्ट सांगतो, रागावू नका. ती व्हॅल्यू हॉटेलं म्हणजे रंगवलेली चाळ आहे. बाहेरून जिना, बाहेरून गॅलरी, ओळीनं दारं. २६० चौरस फुटांची खोली. आमची दादरची खोली ह्याहून लहान होती पण तिला कोणी रात्रीचे २०० डॉलर मागत नव्हतं, आणि समोर कोणी चार मजली बाहुलं उभं केलं नाही म्हणून आमचं काही बिघडलंही नाही. मोटेलला रंग फासला की त्याला थीम म्हणायचं, आणि त्या रंगाचे पैसे घ्यायचे, ही धंद्याची अक्कल, आपण कशाला त्यात अडकायचं?

किसिमी, डेव्हनपोर्ट ह्या बाजूला अख्खं घर मिळतं भाड्यानं, तीन बेडरूम, स्वैपाकघर, वॉशर, मागे छोटा पूल. सासूबाई सकाळी कुकर लावतील, वरणभात खाऊन निघायचं, संध्याकाळी परत येऊन पिठलं. सासरेबुवा दुपारी दार लावून झोपू शकतील, त्यांना कोणी उठवणार नाही. पाच जणांचं रोजचं बाहेरचं खाणं जोडा त्या हॉटेलच्या भावात नि मग सांगा स्वस्त काय.

एक मात्र सावधगिरी, आणि ही मी स्वतः ठेच लागून शिकलोय: बाहेरचं बुक करताना शेवटच्या पानावरचा आकडा बघा. काही वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी हायवेलगतचं एक हॉटेल घेतलं होतं, नाव घेत नाही, जाहिरातीत ६९ डॉलर, काउंटरवर रिसॉर्ट फी, पार्किंग फी, तिजोरीची फी असं करत करत शंभरावर गेलं. तिजोरी कुठंय विचारलं तर म्हणे खोलीत नाही पण फी आहे. २०२५ च्या मेपासून केंद्रानं नियमच केलाय की सगळी सक्तीची फी धरूनच भाव दाखवायचा, त्यामुळे आता तरी फसवणूक कमी व्हावी. घराला साफसफाईचे पैसेही लागतात, ते एकूण भावात धरलेत ना ते बघा.

घारग्यांचा_डबा

काका, कुकरची शिट्टी ऐकायला ऑर्लँडोला कशाला जायचं हो, आणि तो कुकर कोण लावणार ते बघितलंत का, सासूबाई आणि सून! सुट्टी कोणाची मग? 😀

कांदेनवमी, मी आईला घेऊन गेले होते पॉपला, आतलं सांगते जे फोटोत नीट कळत नाही. खोलीत एक क्वीन बेड कायमचा, आणि दुसरा भिंतीत असतो. दिवसा तिथं टेबल दिसतं, रात्री ते टेबल तसंच खाली घालायचं नि वरून पलंग येतो. माझ्या आईनं पहिल्या रात्री तीनदा तो वर-खाली करून बघितला, म्हणाली आपल्या फोल्डिंगच्या कॉटपेक्षा बरंय, कुरकुरत नाही. पण लक्षात घे, पलंग खाली आला की टेबल गेलं, मग डबा खायला खुर्ची नि मांडी. दोन खोल्या घेतल्यास तर आईबाबांच्या खोलीत पलंग भिंतीतच राहू दे, मोठा बेड आणि टेबल दोन्ही मिळेल, दुपारची झोपही होईल.

साध्या खोलीत छोटा फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह नसतो. खाली फूड कोर्टात मात्र ठेवलेला असतो, तिथं जाऊन खुशाल भात गरम करून आणायचा. फॅमिली स्वीटमध्ये मायक्रोवेव्ह आत असतो आणि दोन बाथरूम, हे दुसरं जास्त महत्त्वाचं, पाच जण आणि सकाळी साडेआठला निघायचंय म्हटल्यावर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. पण दोन खोल्या म्हणजेही दोन बाथरूम झालेच की.

आणि मग. हो, टमरेल. ते तिथं कुठल्याच वर्गातल्या हॉटेलात नसतं, हजार डॉलरच्या खोलीतही नाही. इथून प्लास्टिकचा मग बॅगेत आधी टाक, कपडे नंतर.

जिना चढायला लागू नये म्हणून तळमजला सांगून ठेव, ते विनंती म्हणूनच घेतात, मिळेलच असं नाही, पण लिफ्ट आहे. इमारत कुठली हे त्याहून महत्त्वाचं. पॉपमध्ये २,८८० खोल्या आहेत, म्हणजे एक गावच, इमारती १९५० ते ९० अशा एकेका दशकाच्या थीमच्या, आणि ९० च्या दशकातली खोली मिळाली तर लॉबीपर्यंत येईस्तोवर चांगलीच रपेट होते. ५० आणि ६० ची दशकं जवळ पडतात, जवळच्यांना प्रेफर्ड म्हणतात नि थोडे जास्त घेतात. गुडघ्यांसाठी ते पैसे दे, थीमसाठी नको देऊस.

बांबू_आणि_ताडपत्री

सगळे सोयीचं बोलतायत, ताईंनी विचारलेला मूळ प्रश्न तसाच पडून आहे, थीम असते कुठं. मी पोटासाठी स्ट्रक्चरल इंजिनियर, आणि कॉलेजची चार वर्षं मंडळाचा देखावा उभारण्यात घालवली, आयडीवरून कळलंच असेल, तर दोन्ही अंगांनी सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

मंडळाचा देखावा कसा असतो? समोरून म्हैसूरचा राजवाडा, मागे जाऊन बघा तर बांबू, सुतळी नि ताडपत्री. ह्यात फसवणूक काही नाही, वर्गणीच तेवढी असते, मग आहे तो पैसा लोक जिथं उभे राहून बघणार तिथं लावायचा. ऑल-स्टार तसंच आहे. पैसे खोलीत लावले नाहीत, अंगणात लावलेत. खोल्यांचे ठोकळे सगळीकडे सारखे, तीन मजली, बाहेरून गॅलरी. पण ज्या भागाची सगळ्यात लाज वाटायची, म्हणजे उघडा जिना, तोच झाकलाय. ऑल-स्टार स्पोर्ट्समध्ये टेनिसच्या भागात जिना आहे टेनिस बॉलच्या डब्यात, बेसबॉलच्या भागात जिना आहे कोकच्या प्रचंड ग्लासात. सर्फिंगवाल्या भागात छताच्या कडेला फळ्या उभ्या केल्यात, त्यानं छताची सरळसोट रेघ मोडते. ज्यानं कोणी हे केलं त्याला ठोकळ्याचे दोष कुठं आहेत ते नेमकं माहीत होतं. आर्किटेक्ट मायामीचे आर्किटेक्टोनिका, काही लुंगेसुंगे नव्हते.

आता ह्याच्याशेजारी दुसरं चित्र ठेवा. ऑल-स्टार स्पोर्ट्स उघडलं १९९४ च्या एप्रिलमध्ये. पुढच्याच महिन्यात त्याच डिस्नीनं त्याच आवारात वाइल्डरनेस लॉज उघडलं. तिथं लॉबीत ८२ फूट उंच शेकोटी आहे आणि तिचे दगड रचलेत ग्रँड कॅन्यनमधल्या खडकांच्या थरांच्या क्रमानं. ते थर बघून कळायला माणूस भूगर्भशास्त्रातला लागतो, पण कळो न कळो तिथं बसल्यावर आपण हॉटेलात आहोत हे विसरायला होतं. ऑल-स्टारमध्ये ते कधीच होत नाही, तिथं आपण हॉटेलातच असतो आणि समोर एक मोठी वस्तू असते. वस्तू बघून मूल टाळी वाजवतं, फोटो होतो, संपलं. एक वाडा आहे, एक देखावा आहे, आणि भावात फरक दोन-तीन पटीचा आहे. तुम्ही वाड्याचे पैसे देत नसाल तर वाडा मिळाला नाही म्हणून रडायचं नाही, एवढंच.

आणि पेन्शनर काका, मोटेलला रंग फासला म्हणता, पण तो रंग तुमच्या फ्लोरिडाचाच आहे की! किसिमीला १९२ नंबरच्या रस्त्यावर अर्ध्या संत्र्याच्या आकाराचं दुकान तुम्हीच पाहुण्यांना दाखवत असाल. हायवेवरून जाणाऱ्याची गाडी थांबावी म्हणून इमारतीएवढं संत्रं उभं करायचं, ही त्या रस्त्याची जुनी खोड. त्याच रस्त्यावरच्या मोटेलांत आपली गिऱ्हाइकं झोपायला जातात हे डिस्नीला सलत होतं, म्हणून त्यांनी त्या रस्त्याचाच वेष घेऊन मोटेल आत बांधलं. मला तर ऑल-स्टार हे डिस्नीपेक्षा १९२ चं स्मारक जास्त वाटतं.

माझी तक्रार उलट आहे. अलीकडच्या वर्षांत पॉप आणि ऑल-स्टारच्या खोल्या नव्या केल्या त्या सगळ्या पांढऱ्या-राखाडी, गालिचा काढून लाकडासारखी फरशी, भिंतीवर एखादं मिकीचं चित्र. स्वच्छ झाल्या, सामान ठेवायला जागा झाली, प्लगपॉइंट झाले, सगळं कबूल. पण पूर्वी पलंगपोसापासून पडद्यापर्यंत जो भडक मूर्खपणा होता तो गेला. स्वस्त गोष्टीनं निदान भडक तरी असावं! देखाव्यातलं लायटिंग काढून तिथं दवाखान्याची ट्यूबलाइट लावली तर मग नुसता बांबूच राहतो.

टँपाचा_पेन्शनर

@बांबू, संत्र्याचं दुकान दाखवतो, नाकारत नाही. पण ते बघायला पैसे पडत नाहीत! तेवढाच माझा मुद्दा. तुमचा तो टेनिसच्या डब्यातला जिना बघायला यायचं तर लॉबीत एक कॉफी घेऊन बघून येता येईल, त्यासाठी चार रात्री का काढायच्या.

बाकी ८२ फुटी शेकोटी फ्लोरिडात कशाला हवी हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तिखटमीठ

ऑर्लँडोतलं दुसरं मोठं थीम पार्क युनिव्हर्सल, त्याचं कोणी नाव घेईना म्हणून मी घेते. त्यांचं कबाना बे हॉटेल बघा हो कोणीतरी! २०१४ ला उघडलं, आता २,२०० खोल्या आहेत, आणि थीम काय तर १९५०-६० चं फ्लोरिडातलं मोटेलच. म्हणजे वरती बांबूदादा जे म्हणतायत ना की ठोकळ्याचे दोष झाकले, ह्यांनी झाकलेच नाहीत, मोटेलची इमारत आहे तर थीमही मोटेलचीच घेऊन टाकली, दारात जुन्या मोटारी लावून ठेवल्यात, नारिंगी नि मोरपंखी रंग, आत दहा लेनचं बोलिंग, लेझी रिव्हर. काहीच खोटं वाटत नाही कारण ते जे आहे तेच दाखवतंय. स्वीटमध्ये सिंक, मायक्रोवेव्ह, फ्रिज, सहा जण झोपतात. थीम स्वस्तात करायची तर अशी करावी, चिकटवाचिकटवी नाही.

तोटे पण सांगते: रात्रीचं पार्किंग वेगळं पडतं, आणि रांग चुकवायचा एक्स्प्रेस पास त्यांच्या तीन महागड्या हॉटेलांना फुकट असतो, कबानाला नाही. त्याहून स्वस्त हवं तर एंडलेस समर आहे, सर्फसाइड आणि डॉकसाइड मिळून २,८०० खोल्या, समुद्रकिनाऱ्याची थीम आणि जवळपास समुद्र नाही, पण आहे मस्त. ते बांधलंय जुन्या वेट अँड वाइल्ड वॉटरपार्कच्या जागेवर, २०१६ च्या शेवटी बंद झाला तो.

टर्नपाइककर

तिखटमीठ, मान्य, कबाना सुंदरच आहे. पण ताई डिस्नीचे चार दिवस म्हणतायत, कबानाहून रोज डिस्नीला ये-जा म्हणजे राहायचं ठाण्यात नि लग्न पनवेलला.

तिखटमीठ

हो ते विसरलेच 😅 तरी युनिव्हर्सलचं नवं पार्क एपिक युनिव्हर्स उघडलंय मे २०२५ ला, एखादा दिवस तिकडे काढा एवढं सुचवते.

उरायासूची_मी

तोक्योजवळ राहते, इथलं एक उदाहरण देते कारण वरच्या वादाला लागू आहे. इथं डिस्नीचं व्हॅल्यू हॉटेल म्हणजे सेलिब्रेशन, ७०२ खोल्या, २०१६ ला सुरू झालं, ते मुळात दुसरंच हॉटेल होतं आणि ते घेऊन त्याला वरून डिस्नीचा वेष चढवलाय. पार्कपासून शटल बसनं जावं लागतं, पंधरा-वीस मिनिटं. लॉबी एकदम रंगीत, खोली साधी. भारतातून आलेल्या भावाला तिथं ठेवलं तर त्याची मुलगी लॉबीत जी रमली ती खोलीत जायलाच तयार नाही, आणि भावाला विचारलं हॉटेल कसं होतं तर म्हणे कुठलं हॉटेल, अंथरुणावर पडलो नि सकाळ झाली. सहा वर्षांच्या मुलीला काय वाटेल आणि मोठ्यांना काय वाटेल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकात घालू नका.

घारग्यांचा_डबा

@उरायासूची_मी +१. कांदेनवमी, लेकीसाठीच बघायचं असेल तर आर्ट ऑफ ॲनिमेशन हे एकमेव व्हॅल्यू जिथं थीम थेट खोलीत शिरलीये. गाड्यांच्या सिनेमावाल्या भागात अंगणात सिनेमातलं अख्खं गाव उभं केलंय, स्वीटमध्येही तेच वातावरण, आणि स्वीटना बाहेरची गॅलरी नाही, आतून कॉरिडॉर, म्हणजे काकांचा चाळीचा मुद्दाही गेला. मधला पूल अख्ख्या डिस्नीवर्ल्डमधला सगळ्यात मोठा, तीन लाख गॅलनच्या वर पाणी, बुडी मारली की पाण्याखाली गाणी ऐकू येतात. पण ४५०... त्यात सासू-सासऱ्यांना आतली खोली दिलीस तर तुम्ही तिघं सोफ्यावर नि टेबलाच्या पलंगावर.

एक सांगू? ॲनिमेशन आणि पॉपच्या मध्ये तळ्यावर पूल आहे, पाच-सात मिनिटांत चालत जाता येतं. राहा पॉपला, अंगण बघायला पलीकडे जा. पोहायला मात्र ज्या हॉटेलात राहतो तिथलाच पूल, ते कडक असतं.

बांबू_आणि_ताडपत्री

आणि तळ्यावरच्या त्या पुलावर सासरेबुवांना जरूर न्या, पीडब्ल्यूडीवाल्याला आवडेल अशी गोष्ट आहे. पॉप सेंच्युरी मुळात दोन भागांत होणार होतं, एका काठाला १९५० ते ९० आणि पलीकडे १९०० ते ४० ची दशकं. पलीकडचं काम चालू असतानाच ११ सप्टेंबर २००१ झालं, प्रवासच आटला, काम थांबलं. अलीकडचा भागसुद्धा उघडायला डिसेंबर २००३ उजाडलं. आणि पलीकडच्या अर्धवट इमारती तशाच, वर्षानुवर्षं, पाहुणे इकडून पोहतायत नि समोर रिकामी चौकट. शेवटी त्या जागेवर २०१२ च्या मे महिन्यात आर्ट ऑफ ॲनिमेशन उघडलं. म्हणजे निधी अभावी रखडलेलं काम हे काही फक्त आपल्याकडचं नाही, असं त्यांना सांगा, बरं वाटेल.

कांदेनवमी

काय प्रतिसाद दिलेत सगळ्यांनी, खूप खूप आभार! काल रात्री जेवणानंतर सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला घरात. नवरा "रंगवलेली चाळ"ला हसला आणि पेन्शनर काकांना नमस्कार सांग म्हणाला, त्याला बाजूनं बोलणारं कोणीतरी मिळालं. सासूबाईंनी कुकरचं ऐकून फक्त एवढंच विचारलं, "तिथंपण मीच का?" तेव्हा भाड्याचं घर तिथल्या तिथं बाद.

मग लॅपटॉपवर पॉपचे फोटो दाखवले. बोलिंगच्या पिना बघून दोघं गप्प, ती तीनचाकी सायकल बघून गप्प, कारण पन्नास-सत्तरची अमेरिका त्यांना काय माहीत, मलाही नाही. मी मनात म्हटलं बोंबला, ही सगळी थीम म्हणजे दुसऱ्यांच्या आठवणींची आहे, आपल्याला कशाला हवी. तेवढ्यात ऐंशीचं दशक आलं आणि तो चार मजली रुबिक क्यूब. बाबा पुढे सरकले. म्हणाले थांब, मागे घे. मग वॉकमन आला, इमारतीशेजारी उभा केलेला एवढा मोठा. आणि मग जे सुरू झालं ते साडेअकरापर्यंत, की १९८६ ला त्यांच्या मेव्हण्यानं मस्कतहून तसाच वॉकमन आणला होता, आणि तो घेऊन हे कोयनेच्या साइटवर जायचे, आणि एकदा जीपमधून पडून त्याचं झाकण तुटलं तर त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर लावून पुढे सहा वर्षं चालवला. माझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली, नवऱ्यानंही.

शेवटी विचारलं त्यांनी काय ते सांगते: "त्या क्यूबच्या आत जिना आहे की नुसता पत्रा?" बांबूदादा, उत्तर द्या आता.

तर पॉपच्या दोन खोल्या बघतेय. चार रात्रींचे जवळपास १,८०० होतायत टॅक्स धरून, नवरा अजून कॅल्क्युलेटर घेऊन बसलाय पण पार्किंगचे १२० वजा केल्यावर जरा मऊ झालाय. फक्त आता घोळ असा की प्रेफर्ड घ्यायचं तर ५० चं दशक मिळेल नाहीतर ६० चं, आणि बाबांना हवंय ८० चं. गुडघे की क्यूब?

बांबू_आणि_ताडपत्री

आतमध्ये जिनाच आहे, त्यांना सांगा. आणि फोटो काढताना क्यूबच्या पायाशी उभे राहू नका, पूर्ण येत नाही, अंगणात मागे मागे जा.

घारग्यांचा_डबा

झोपायला ६०, संध्याकाळी चहा घेऊन ८० मध्ये जाऊन बसा, तिथं बाकं आहेत. मग भरलास का बॅगेत?

कांदेनवमी

दोन भरलेत. एक त्यांच्या खोलीसाठी.